गाडी उचलण्याआधी पट्टी लावा

आपल्या हॉस्टेलात सध्या दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो ट्रेलर उचला, दुसरा म्हणतो आहे तसा राहू द्या. मेसमध्ये भाजीवरून वाद व्हायचे ते आता ग्राउंड क्लिअरन्सवरून होतात. ही प्रगतीच म्हणायची! पण दोन्हीकडचे लोक जे बोलतात त्यात आवाज जास्त आणि आकडे कमी आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजात हे शोभत नाही, म्हणून हा लेख.

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. बीई मेकॅनिकलच्या एका ग्रुपने प्रोजेक्ट म्हणून कॅम्पिंग ट्रेलर बनवला आहे. दोन बर्थ, मागे उघडणारा छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, खाली एक ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना कमानपाटे. ओढायला ग्रुपमधल्या एकाच्या घरची बोलेरो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून 'चाकावरचं घर' ही कल्पना आपल्याकडेही लोकांना परिचयाची झाली. तेव्हा विषय चांगला आहे, फॅब्रिकेशनही चांगलं झालं आहे, वेल्डिंग तर बघण्यासारखं आहे. वर्कशॉपमधून ट्रेलर बाहेर काढला, कॅम्पसच्या रस्त्याने गेटपर्यंत आणला, आणि गेटच्या आतल्या स्पीडब्रेकरवर त्याचं शेपूट घासलं. आवाज सी ब्लॉकपर्यंत आला. त्याच रात्री ठरलं की पाटे ॲक्सलच्या वर घेऊन ट्रेलर चार इंच उचलायचा, आरटीओचं पासिंग करून घ्यायचं आणि सुट्टीत ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं.

माझं मत स्पष्ट आहे. हा ट्रेलर आत्ता उचलू नये. कारणं सांगतो, पण त्याआधी 'उचलणे' म्हणजे काय ते नीट बघू. निम्मा वाद तिथेच संपतो.

ट्रेलर हा सस्पेन्शन शिकायला सगळ्यात सोपा प्राणी. त्याला इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, स्टीअरिंग नाही. चासी, पाटे, ॲक्सल, चाकं, संपलं. या ट्रेलरमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले आहेत, म्हणजे यू बोल्टने ॲक्सल पाट्यांच्या डोक्यावर धरून ठेवला आहे. अशाने गाडी बुटकी राहते आणि आत चढायला सोपी पडते. आता तेच पाटे ॲक्सलच्या वर घेतले तर चासी किती वर जाईल? ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी. आपल्या ट्रेलरची नळी ६५ मिलिमीटर आणि थप्पी ४५. बेरीज ११०, म्हणजे साधारण सव्वाचार इंच. स्प्रिंग तीच, चाकं तीच, खर्च वेल्डिंग रॉडचा आणि नव्या यू बोल्टचा. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर ठेवणारे लोक हा उद्योग वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यामुळे आपली पोरं काही अघोरी करायला निघाली आहेत असं मी मुळीच म्हणत नाही.

या कामाला बोलीभाषेत 'ॲक्सल पलटणे' म्हणतात आणि पहिला घोटाळा त्या नावातच आहे. ॲक्सल पलटायचा नसतो! पुष्कळ ट्रेलरच्या ॲक्सलला मधून किंचित वरच्या बाजूला बाक दिलेला असतो. माल भरला की तो बाक जवळजवळ सरळ होतो आणि चाकं रस्त्यावर उभी बसतात. असा ॲक्सल उलटा बसवला तर बाक खाली जातो, भार आला की आणखी वाढतो आणि टायर एका बाजूने खायला सुरुवात होते. करायचं ते असं की ॲक्सल आहे तसाच ठेवून त्याच्या वरच्या अंगाला पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्ड करायच्या. आता ॲक्सलवर वेल्डिंग म्हणजे उष्णता आली, आणि उष्णता एकाच अंगाला दिली की नळी त्या बाजूला ओढली जाते. सेकंड इयरच्या वर्कशॉपमध्ये एल जॉइंट मारताना पट्टी कशी वर उचलली जाते ते सगळ्यांनी पाहिलंय. तिथे हातोडी मारून सरळ करता येते. इथे त्या नळीच्या दोन्ही टोकांना बेअरिंग आणि हब आहेत. अर्धा अंश वाकलं तरी चाक रस्त्यावरून सरळ न चालता घासत चालतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही, हजार किलोमीटरनंतर टायर बघूनच कळतं.

दुसरा मुद्दा ट्रेलर उलटण्याचा. 'उचलला की पलटी होणार' असं विरोधी पक्ष ठासून सांगतो. मी त्याच पक्षाचा, तरी हिशोब प्रामाणिकपणे मांडतो. वळणावर गाडी उलटायची सीमा ढोबळमानाने चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, इतकी असते. ट्रेलरच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे. भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य ९५ सेंटिमीटरवर धरू. उत्तर ०.७९. आता ११ सेंटिमीटर उचला. उत्तर ०.७१. म्हणजे दहा टक्के घट. घाटातलं २० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर उलटण्याचा वेग कागदावर ताशी ४५ किलोमीटरवरून ४२ वर येतो. आता अशा वळणावर ट्रेलर घेऊन ४२ ने जाणारा माणूस तसाही कुठल्याच सूत्राला जुमानणार नाही.

तेव्हा 'चार इंचांनी ट्रेलर पलटी होतो' हे विधान इतकं सोपं नाही. पण ही सीमा अगदी ताठ, न हलणाऱ्या गाडीची झाली. प्रत्यक्षात एका बाजूचे पाटे दबतात, टायर आत वळतो, टाकीतलं पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला धावतं, आणि सीमा त्याच्या आधीच गाठली जाते. आणि खरा प्रश्न चार इंच कशाच्या वर चढणार हा आहे. आपल्या मंडळींनी टाकी बर्थच्या पातळीवर बसवली आहे, आणि 'जागा आहे तर' म्हणून टपावर कॅरिअरही केला आहे. त्यावर तंबू, सिलिंडर आणि कोणाची तरी गिटार जाणार हे मला आत्ताच दिसतंय.

उंचीवर चढवलेल्या ओझ्याचं काय होतं ते बघायला अमेरिकेला जायला नको. गाळप हंगामात दौंड, बारामती, इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या बघा. गावाकडून येणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. ट्रॉली स्वतः फार उंच नसते, पण ऊस भरता भरता गुरुत्वमध्य वर वर सरकतो. समजा चाकांमध्ये १.६ मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य दोन मीटरवर गेला, तर वरचं गुणोत्तर ०.४ वर येतं. याचा अर्थ ट्रॉली साधारण २२ अंश कलली की संपलं, आणि पाटे व टायर दबतात म्हणून खरं तर त्याच्याही आधी. एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं, शेजारी चर असला, की तेवढा कल सहज येतो. तिथे वेगाचा संबंधच नाही, ट्रॅक्टर बैलगाडीच्या चालीने चाललेला असतो. त्यामुळे ट्रेलरवाल्यांना माझी पहिली विनंती अशी की उचलण्याच्या गप्पा मारण्याआधी टाकी खाली चासीत घ्या आणि तो कॅरिअर गॅसकटरने कापा. फुकटात मिळालेली स्थिरता आहे ती.

आता मूळ दुखण्याकडे येतो. शेपूट घासलंच का? सगळे म्हणाले 'क्लिअरन्स कमी आहे'. किती कमी? कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही चौघं टेप घेऊन खाली बसलो.

हिचपासून ॲक्सलपर्यंत ३ मीटर. ॲक्सलपासून शेपटापर्यंत १.८ मीटर. ट्रेलर सपाट उभा असेल तर शेपटाखाली ३० सेंटिमीटर. पण ट्रेलर सपाट उभाच नव्हता! बोलेरोचा टो बॉल ट्रेलरच्या हिशोबाने ९ सेंटिमीटर उंच बसवलेला आहे. नाक वर गेलं की शेपूट खाली जाणार, सी सॉ सारखं. ९ गुणिले १.८ भागिले ३, म्हणजे साडेपाचच्या आसपास सेंटिमीटर. तीसचे झाले साडेचोवीस. आता गेटच्या आत ब्रेकर आहे आणि त्याच्यापुढे दोन मीटरवर लगेच मुख्य रस्त्याकडे चढ सुरू होतो. ट्रेलरचं शेपूट ब्रेकरवर असतं तेव्हा हिच चढावर साधारण २० सेंटिमीटर वर गेलेलं असतं. त्याच सी सॉच्या हिशोबाने शेपूट आणखी १२ सेंटिमीटर खाली. उरले साडेबारा. आणि ब्रेकरची उंची मोजली तर १५. घासणार नाही तर काय होणार?

आता बघा. नुसता टो बॉलचा ब्रॅकेट ९ सेंटिमीटर खाली घेतला तर शेपटाखाली १८ सेंटिमीटर राहतात. ब्रेकर १५. तीन सेंटिमीटरने सुटलो. एक ब्रॅकेट, चार बोल्ट आणि अर्धा तास. ॲक्सलला हात लावायचा नाही, वेल्डिंग नाही, गुरुत्वमध्य जागच्या जागी. आणि ट्रेलर सपाट चालल्याचा आणखी एक फायदा आहे. ट्रेलरच्या वजनाचा ठरावीक भाग नाकावर, म्हणजे हिचवर यावा लागतो. अमेरिकेत हा आकडा १० ते १५ टक्के सांगतात, युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनला त्याहून कमी चालतो. नाकावरचा भार फार कमी झाला की ट्रेलर हायवेवर कुत्र्यासारखं शेपूट हलवायला लागतो, आणि ते हलणं एकदा वाढलं की ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातं. आपल्या ट्रेलरचा नाकावरचा भार अजून कोणी मोजलेला नाही. बाथरूममधला वजनकाटा आणि एक ठोकळा एवढंच लागतं. टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजा म्हणजे झालं.

तीन सेंटिमीटर हे काही फार नाही, कबूल. पाटे दबले, ट्रेलरने उसळी घेतली की तीनचे शून्य व्हायला वेळ लागत नाही. त्यावरही जुना उपाय आहे: शेपटाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली छोटी लोखंडी चाकं. घासायची वेळ आली तर चासी घासण्याऐवजी चाक फिरतं. परदेशी कॅराव्हॅनला मागून अशी चाकं दिसतात. पेट्रोल पंपाचा चढ, सोसायटीचा रॅम्प, कोकणातल्या घरांची अंगणात चढणारी वाट, अशा ठिकाणी ती उचललेल्या चार इंचांपेक्षा जास्त उपयोगी पडतील असं माझं मत आहे.

उचलणाऱ्या पक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, गेटचं सोड, पुढे मुळशीपासून माणगावपर्यंत रस्त्यात काय काय आहे ते तुला माहीत आहे का? गावागावांतले ब्रेकर, खचलेल्या साइडपट्ट्या, पावसाळ्यानंतरचे खड्डे. तिथे टो बॉल खाली घेऊन किती पुरणार? बरोबर आहे. सगळं करून, मोजून, तरीही कमी पडलं तर उचला. पण मग नीट उचला. बैठका बाहेरच्या चांगल्या वेल्डरकडून जिगवर करून घ्या, जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका (एकदा ताणलेला यू बोल्ट तसा घट्ट बसत नाही), शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, दोन्ही चाकांची समांतरता तपासा, आणि टो बॉलची उंची नव्या पातळीला जुळवा. हे शेवटचं विसरलात तर नाक ११ सेंटिमीटर खाली वाकेल आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे तक्रार घेऊन याल की आता पुढचा जॅक घासतोय.

कायद्याचाही प्रश्न आहे, आणि तो फक्त ट्रेलरवाल्यांचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच. म्हणजे रस्त्यावर न्यायचा तर रजिस्ट्रेशन आलं. त्याच कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पासिंगच्या आधी उचला, मग ती तुमची मूळ रचना म्हणून तपासली जाईल. पासिंग झाल्यावर गुपचूप उचलाल तर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारणार. आपण सगळे संध्याकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो, सूर्यास्ताचे फोटो काढतो. ज्या संस्थेमुळे त्या टेकडीला हे नाव पडलं ती १९६६ पासून गाड्या तपासते आहे, आणि तपासणी होते ती एका विशिष्ट उंचीच्या, विशिष्ट स्प्रिंगच्या गाडीची. तुमच्या बदललेल्या गाडीची तपासणी तिथे झालेली नसते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हाच रोग कार आणि टू-व्हीलरवाल्यांनाही आहे. नाना पेठेत चक्कर मारा. कॉइल स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, स्प्रिंगखाली घालायचे स्पेसर मिळतात, बाइकच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरला लावायचे एक्स्टेंडर मिळतात. 'गाडी एक इंच वर येईल साहेब!' येते. पण बफरने स्प्रिंगचा दबणारा भागच कमी होतो, म्हणजे स्प्रिंग कडक होते. गाडी उंच झाल्याचा आनंद दोन दिवस, आणि मग प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. स्पेसरने पुढची चाकं खाली ढकलली जातात आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. ट्रेलरला निदान ड्राइव्ह शाफ्ट नाही, कारला आहे.

आणि क्लिअरन्सचा आकडा ब्रोशरमध्ये वाचून गाडी घेणाऱ्यांनी हेही बघावं की तो आकडा कोणत्या अवस्थेतला आहे. जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलला मोठ्या गाड्यांच्या सेससाठी स्पष्ट करावं लागलं की १७० मिलिमीटरची अट रिकाम्या गाडीला लावायची. सरकारने रिकामी मोजली. आपण पाच जण, डिकीत बॅगा आणि आईने दिलेला लाडवांचा डबा घेऊन बसतो. स्कूटरवर ट्रिपल सीट जाणाऱ्यांनी तर 'स्टँड घासतो' अशी तक्रारच करू नये. तिसऱ्याला उतरवा, क्लिअरन्स आपोआप वाढेल, आणि चौकातली पावतीही वाचेल.

इतकं झाल्यावर ज्याच्यामुळे हे सगळं रामायण घडलं त्या ब्रेकरकडे वळतो. माझ्या मते खरा आरोपी तोच आहे.

स्पीडब्रेकरला मोजमाप असतं हे आपल्यापैकी कितींना माहीत आहे? इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये ९९ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली, २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १९८८ च्या पुस्तिकेतला ब्रेकर असा: वर्तुळाच्या कमानीचा आकार, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, त्रिज्या १७ मीटर. यावरून ताशी २५ किलोमीटरने आरामात जाता यावं अशी अपेक्षा. हा आकार १९७० च्या दशकात इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत प्रयोग करून ठरवलेल्या आकाराशी मिळताजुळता आहे. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांनी कॅम्पसमधल्या रस्त्यासाठी असे उंचवटे डिझाइन केले होते. हो, तेच ते कॉम्प्टन, ज्यांचा इफेक्ट आपण फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये पाठ करतो! नोबेल मिळालेल्या माणसाला कॅम्पसमधला ब्रेकर हा विचार करण्यालायक प्रश्न वाटला, हे आपल्या इस्टेट ऑफिसने जरूर वाचावं.

आता ती १७ मीटरची त्रिज्या घ्या आणि बारावीची भूमिती लावा. कारची दोन्ही चाकं कमानीवर असताना मधला उंचवटा तळापर्यंत किती येईल? व्हीलबेसचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. व्हीलबेस २.४ मीटर असेल तर ४.२ सेंटिमीटर. २.७ मीटर असेल तर ५.४. लांबलचक गाडी असली तरी दहाच्या पुढे जाणं शक्य नाही, कारण ब्रेकरच दहाचा आहे. कारचा रिकामा क्लिअरन्स १६५ मिलिमीटरच्या आसपास धरला आणि माणसं बसल्यावर तो तीन सेंटिमीटर कमी झाला, तरी साडेतेरा उरतात. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरवर सावकाश जाणारी साधी कार पोट घासूच शकत नाही. स्पेसर, बफर, एक्स्टेंडर यांचा निम्मा धंदा नियमबाह्य ब्रेकरवर चालला आहे असं मी म्हणतो. (नाना पेठेतले दुकानदार माफ करोत.)

आपल्या गेटचा ब्रेकर १५ सेंटिमीटर उंच आणि फक्त ६० सेंटिमीटर रुंद आहे. इतक्या अरुंद उंचवट्यावर व्हीलबेसचा हिशोब लागूच होत नाही. पुढचं चाक उतरलं की अख्खे १५ सेंटिमीटर पोटाखाली येतात, मग गाडी कोणतीही असो. शिवाय गाडीला वर चढायला फक्त ३० सेंटिमीटर मिळतात, त्यामुळे चाकाला धक्का बसतो तो जवळजवळ पायरी चढल्यासारखा. कोणी बांधला, कोणत्या साली, कोणाला आठवत नाही. रस्त्याचं डांबरीकरण झालं, थोडं डांबर उरलं, ते गेटपाशी ओतलं, असं दिसतं. नियमाप्रमाणे त्यावर काळेपांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी पाटी हवी. पट्टे गेल्या गॅदरिंगच्या आधी मारले होते ते पावसात गेले. पाटी कधी नव्हतीच.

गाडी घासली तर फार तर रंग जातो. पण याच गेटमधून रात्री-बेरात्री आजारी मुलांना घेऊन रिक्षा बाहेर जातात. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एकाला अपेंडिक्सच्या दुखण्याने रात्री दोन वाजता न्यावं लागलं. ब्रेकर आला तेव्हा रिक्षावाल्याने गाडी जवळजवळ थांबवली, तिरकी घातली, एकेक चाक उतरवलं, तरी तो पोरगा कळवळला. त्याच्या पोटाखाली कोणता स्पेसर लावणार होतो आपण?

म्हणून ट्रेलरवाल्यांना सांगणं असं की तुमचे चार इंच वेल्डिंगचे कष्ट थोडे इकडे वळवा. तुम्ही ट्रेलर उचललात तर एक ट्रेलर सुटेल. ब्रेकर ३.७ मीटरचा झाला तर दूधवाल्याची सायकल, मेसचा टेम्पो, सरांची नवी कार, रिक्षा, आणि तुमचा ट्रेलरसुद्धा सुटेल. काही जण म्हणतील, ब्रेकर सौम्य केला तर पोरं गेटमधून बाइक सुसाट काढतील. तसं होत नाही. त्या आकाराचा हेतूच ताशी २५ चा आहे, आणि गेटमध्ये त्यापेक्षा जास्त वेगाने कोणी जायचं कारण नाही. उलट आत्ता काय होतं? बाइकवाले ब्रेकरच्या कडेला दीड फुटाची जी फट आहे त्यातून वेग न कमी करता जातात, आणि तिथेच चालणारी माणसं असतात. वॉचमनकाकांना विचारा, दिवसातून किती वेळा त्यांना मागे सरकावं लागतं.

एक अडचण मला दिसते. चढ ब्रेकरपासून दोनच मीटरवर सुरू होतो, त्यामुळे ३.७ मीटरची कमान आहे त्या जागी मावणार नाही. ती आत, झेरॉक्सच्या दुकानाच्या अलीकडे सरकवावी लागेल. तिथे पावसाचं पाणी जाणारी पन्हळ आहे, ती बुजवून चालणार नाही, दोन्ही कडांना पाण्याला वाट ठेवावी लागेल. हा सिव्हिलवाल्यांचा प्रांत. थर्ड इयर सिव्हिलचं सर्व्हेइंग चालू आहे, दर वर्षी त्याच त्या ग्राउंडवर त्याच त्या लेव्हल घेऊन जर्नल भरलं जातं, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले जातात हे सरांनाही ठाऊक आहे. यंदा एक बॅच गेटवर लावा. दर दहा सेंटिमीटरवर रीडिंग घ्या, आत्ताच्या ब्रेकरचा आणि पुढच्या वीस मीटर रस्त्याचा सेक्शन काढा, शेजारी १७ मीटर त्रिज्येची कमान काढा, आणि तो एक ए-वन शीट रेक्टर सरांच्या सहीने इस्टेट ऑफिसला द्या.

ट्रेलरवाल्यांनी तोवर टो बॉल खाली घ्यावा, वजनकाटा आमच्या रूममध्ये आहे, घेऊन जावा. पासिंगच्या कागदांचं काम लवकर सुरू करावं, कारण सुट्टीला दीडच महिना राहिला आहे. आणि सिव्हिलवाल्यांनो, शनिवारी सकाळी साडेसातला गेटवर वर्दळ नसते. डंपी लेव्हल तुम्ही आणा, स्टाफ धरायला मेकॅनिकलची चार पोरं येतात.